मेहकरचं मंडळ, दिल्लीचं खातं

बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या सीमेलगतचं मेहकर. घरात मराठी, कचेरीत कन्नड. इथल्या एखाद्या महिला मंडळाला परदेशी फाउंडेशनचं अनुदान हवं असेल, तर अर्ज बहुधा इंग्रजीत. आणि पैसा आधी उतरणार स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत. विदेशी देणग्यांच्या कायद्यातली २०२० ची दुरुस्ती तसं सांगते.

त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. हिशेबनीस नेमला तर खर्च वाढतो. नाही नेमला, तर हिशेब मागणारे वाढतात. पूर्वी शहरातली मोठी संस्था परदेशी निधीतला वाटा गावच्या छोट्या संस्थेला देऊ शकायची. आता तेही बंद. थोरल्या जावेने धाकटीला वाटीभर साखरसुद्धा द्यायची नाही!

मग उरल्या देशी कंपन्या. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्याला द्यायचे, आणि प्राधान्य कुणाला? कंपनी जिथे चालते त्या परिसराला. म्हणजे कारखाने दाटीने आहेत तिथे अनुदानही दाटीने. मेहकरच्या बाजूला पिकते तूर. आणि तुरीला कलम १३५ लागू होत नाही.