पानं दुखावतात

पाणी ऐंशी अंशांचं हवं. पंच्याऐंशी झालं की पानं दुखावतात.

हे मला ज्यांनी सांगितलं, त्या गृहस्थांनी उभी नोकरी मीरा रोड ते चर्चगेट अशी केली. परतीच्या गाडीत दहिसर सुटलं की दरवाजा अडवून उभ्या असलेल्या विरारवाल्यांच्या पायांवरून, बॅगांवरून, प्रसंगी जेवणाच्या डब्यांवरून ते खाली उतरले. कोण दुखावलं याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. आता निवृत्तीनंतर ते पानांना जपतात. सुनेने केकसाठी आणलेला सुईवाला थर्मामीटर हातात असतो, समोर काचेची किटली, आणि टेबलावर पाकिटांची रांग: जास्मिन, मोरोक्कन मिंट, लेमन-हनी, तुळस-आलं, पीच, आंबा, काश्मिरी कहवा आणि एक नुसतंच ‘झेन’. पाहुण्याने सोफ्यावर बसायचं, बाळाला गुटी पाजावी तेवढा एकेक घोट घ्यायचा आणि काय जाणवलं ते सांगायचं. ते वहीत उतरवून घेतात. मला दर वेळी एकच जाणवतं: चहा कधी येणार?

असा एक तुमच्याही विंगेत आहेच. नसेल, तर तो तुम्हीच आहात.

बाकी सगळं मी सहन केलं असतं. वही सहन केली असती, वहीतले तारे सहन केले असते, ‘ओल्या खडकाचा भास’ हा वहीतला शेराही सहन केला असता. (भाईंदरला पहिल्या पावसानंतर खडकाचा नव्हे, कसला भास होतो, ते मी वर्तमानपत्रात लिहीत नाही.) पण तो थर्मामीटर. फ्रिजवर, गॅसच्या नंबरशेजारी, एक तक्ता चिकटवला आहे. ग्रीन 75 ते 80. व्हाइट 80 ते 85. ऊलाँग 90 पर्यंत. काळा 95 च्या पुढे. आणि सगळ्यात वर लाल पेनाने जपानचा ग्योकुरो, जो तोडणीआधी काही आठवडे सावलीत ठेवतात आणि जो पन्नास-साठ अंशांच्या पाण्यातच करायचा असतो. आता साठ अंश म्हणजे आमच्या बाथरूममधला गीझर. तेव्हा जगातला हा नाजूक चहा नळाखाली मग धरूनही करता येईल, असं मी सुचवलं. माझ्या नावापुढे वहीत काहीतरी लिहिलं गेलं आणि तारे दिले गेले नाहीत.

तक्ता खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. कोवळ्या हिरव्या पानावर खळखळतं पाणी ओतलं की तुरटपणा भराभर उतरतो आणि कडू लागतं. कबूल. पण हे कोवळं पान आहे कुठे? त्या कागदी पिशवीत बहुतेक वेळा चाळणीखालची भुकटी असते. तोडलं, वाफवलं, वळलं, वाळवलं, चाळलं, मोडलं, पिशवीत कोंबलं, पिशवीला दोरा बांधला, दोऱ्याला चिठ्ठी लावली आणि चिठ्ठीवर ‘आज स्वतःवर प्रेम करा’ असं छापलं. एवढं सोसलेल्या पानाला पाच अंश जास्तीचे काय दुखावणार?

आणि चहा पारखणं हा ज्यांचा धंदा आहे ते काय करतात? त्याची आंतरराष्ट्रीय पद्धत 1980 पासून छापील आहे. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं. पाणी उकळतं. ऐंशी नाही, ब्याऐंशी नाही, खळखळ उकळतं. कारण त्यांना चहा गोड लागायला नको असतो, त्यातली खोट बाहेर यायला हवी असते. मग ते चमच्याने घोट घेतात तोही असा फुर्रर्र करून की शेजारच्या खोलीत ऐकू जावं. त्याशिवाय हवा मिसळत नाही आणि वास टाळूमागे चढत नाही. आणि मग थुंकतात. यातलं थुंकणं मला आमच्या या थर्मामीटरवाल्या साहेबांच्या हॉलमध्ये अनेकदा सुचलं आहे. पण फुरक्याचं मात्र वाईट वाटतं. आमच्या आजोबांच्या पिढीने बशीत ओतून, बोटांवर बशी तोलून, फुंकर मारून असाच फुर्रकन चहा प्यायला. बशीत ओतला की तो आपोआप ऐंशीच्या खाली येतो, थर्मामीटर लागत नाही. आणि त्या पिढीला गावंढळ म्हणून गप्प कोणी केलं? ज्यांनी पुढे निवृत्त होऊन काचेची किटली घेतली, त्यांनीच.

पाकिटामागच्या सूचनांबद्दल थोडं. अशा सूचना या देशाला नव्या नाहीत. शंभरेक वर्षांपूर्वी चहाचे मळे आसाम-दार्जिलिंगात होते आणि चहा बहुतेक जात होता विलायतेला. मग मळेवाल्यांना इथल्या गिऱ्हाइकाची आठवण झाली. प्रचारकांनी फुकट कप वाटले, रेल्वेच्या फलाटांवर इनॅमलच्या पाट्या लावल्या. ताजं पाणी घ्या, उकळी येऊ द्या, किटली आधी गरम करा, माणशी एक चमचा पत्ती, पाच मिनिटं झाकून ठेवा, दूध-साखर कपात. देशाने पाट्या वाचल्या, मान डोलावली आणि घरी जाऊन पाणी, दूध, साखर, पत्ती, आलं असं सगळं एका पातेल्यात घालून उतू जाईस्तोवर उकळलं. चिरडून, फाडून, वळून दाणेदार पत्ती करणारं यंत्र आसामात 1930 च्या दशकात आलं. पुढे तीच पत्ती आपल्या पातेल्यात स्थिरावली, कारण तिच्यावर कितीही उकळ्या आल्या तरी ती दुखावत नाही. गोऱ्या साहेबाचा हुकूम इतक्या शांतपणे, इतक्या घरांतून, एवढी वर्षं कोणी मोडला नसेल. तो आजही सकाळी सहाला स्टेशनाबाहेरच्या टपरीवर मोडला जातो, कटिंगच्या ग्लासात. आणि आमचे हे गृहस्थ! यांच्या आजोबांनी पाट्यांना भीक घातली नाही, आणि हे पाकिटाची मागची बाजू चष्मा लावून वाचतात आणि ऐकतात.

आंब्याच्या चहाचं पाकीट मी स्वतः वाचलं. समोर हापूसची फोड, एवढी मोठी की रत्नागिरीला हेवा वाटावा. मागे, मुंगीच्या अक्षरात, ‘निसर्गसदृश स्वाददायक पदार्थ’. म्हणजे निसर्गात जो रेणू सापडतो तोच, फक्त कारखान्यात केलेला. आंब्याचा थेंब नाही. साहेबांनी त्यावर शेरा लिहिला आहे: ‘सुरुवातीला कोकण, शेवटी किंचित उदासी.’ ती उदासी पाकिटाच्या किमतीची असावी. गवती चहाची तीच कथा. भाईंदर पश्चिमेला बाजारात राई-मुर्ध्याकडच्या मावश्या कोथिंबिरीशेजारी गवती चहाची जुडी मांडून बसतात. जास्त भाजी घेतली तर दोन पाती वर टाकतात. ती आमचे साहेब घेत नाहीत. तेच गवत वाळवून, कातरून, ‘लेमनग्रास इन्फ्युजन’ म्हणून पंचवीस पिशव्यांच्या खोक्यात आलं की त्याला चार तारे. जपान्यांचा एक चहा आहे, गेनमाइचा. त्यात भाजलेला तांदूळ घालतात, पूर्वी महागडी पत्ती पुरवून पुरवून प्यायला घालत म्हणे. साहेबांनी तो परदेशातून येणाऱ्या भाच्याकडून मागवला, डोळे मिटून प्यायले आणि म्हणाले, “काहीतरी फार जुनं, फार आपलं आठवतंय.” आतून वहिनी म्हणाल्या, “पेज.” त्या आत असतात. त्यांचा थर्मामीटरशी संबंध नाही. आपण झेनचा घोट तोंडात धरून बसलेलो असतो तेव्हा स्वयंपाकघरातून आलं ठेचल्याचा आवाज येतो, आणि मग तो वास. तो चहा हॉलमध्ये येत नाही. मी एकदा पाणी पिण्याच्या निमित्ताने आत जायला उठलो, तर साहेबांनी बसवलं. पाण्याने जीभ स्वच्छ होते, पण ते साधं पाणी चालत नाही, ते जारमधलं लागतं.

आता पाण्याचं निघालंच आहे, तर माझा तोल सुटतो, आधीच सांगतो.

पाणी किती अंशांचं, हा प्रश्न कोणाला पडतो? ज्याच्याकडे पाणी आहे त्याला. हे मीरा रोड आहे. एका बाजूला खाडी, एका बाजूला मिठागरं, मधे आपण. आपलं पाणी आलं तर उल्हास नदीतून आणि बारवीतून येतं, आणि ते येतं तेव्हा माणसं घरातले समारंभ त्याच्या वेळेवर ठरवतात. सूर्या धरणाच्या पाणीयोजनेची वाट पाहण्यात इथल्या मुलांची लग्नं झाली. त्या योजनेत मीरा-भाईंदरच्या वाट्याला रोज 218 दशलक्ष लिटर लिहिलेलं आहे. मी चहाच्या हिशेबाने भागाकार करून पाहिला: दीडशे मिलिलिटरचा कप धरला तर रोज 145 कोटी कप. अख्ख्या देशाला माणशी एक. तोपर्यंत आमच्या गेटावर टँकर उभा राहतो, त्याचा पाइप अंगणभर गळतो, आणि मेन्टेनन्सच्या बिलात त्याची ओळ दर तिमाहीला फुगते. बोअरचं पाणी मचूळ. त्यात दार्जिलिंगचा पहिल्या तोडणीचा चहा टाका नाहीतर वाळका पालापाचोळा टाका, लागायचं ते एकच लागतं. हे साहेबांना ठाऊक आहे. इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण त्यांच्या खिशात पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजायचं पेन असतं. टाकीत बुडवून त्यांनी आकडा पाहिला आहे. आकडा पाहून त्यांनी काय केलं? सेक्रेटरीला पत्र लिहिलं? चार माणसं गोळा केली? टँकरवाल्याला विचारलं, बाबा हे कुठून भरतोस? नाही. त्यांनी घरी आरओ बसवला, जो लिटरभर पाणी गोड करायला दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. ते मोरीतलं पाणी आमच्याच टाकीतलं, आमच्याच बिलातलं. आरओच्या पाण्याने ग्रीन टी ‘सपाट’ लागतो असं आढळल्यावर त्यांनी वीस लिटरचे जार सुरू केले. जार वर नेतो तो पोरगा लिफ्ट बंद असली की सात मजले खांद्यावर चढवतो. त्याचे खांदे किती अंशांना दुखावतात याचा तक्ता फ्रिजवर नाही. हीच माणसं मला संताप आणतात. यांना मोजता सगळं येतं, मागता काहीच येत नाही. किटलीत वाफ कुठल्या क्षणी सुटते हे बिनचूक सांगतील; नळ कुठल्या दिवशी सुटणार हे विचारायला यांच्या जिभेवर ओला खडक ठेवलेला असतो.

बरं, शरीरासाठी म्हणावं तर तेही नाही. पिरॅमिडच्या आकाराच्या त्या झुळझुळीत पिशव्या पाहिल्या असतील. त्यातल्या काही प्लास्टिकच्या असतात. 2019 साली कॅनडातल्या संशोधकांनी तशी एक पिशवी 95 अंशांच्या पाण्यात बुडवून मोजलं, तर कपात अकराशे साठ कोटी सूक्ष्म कण उतरले. हे मी साहेबांना सांगितलं. ते क्षणभर गंभीर झाले. मला वाटलं, आता पिशवी खाली ठेवतील.

“पंच्याण्णवला उतरले ना,” ते म्हणाले, “मी ऐंशीला करतो.”

परवा सोसायटीची सभा झाली. विषयपत्रिकेवर टँकरचा खर्च पहिला होता. वॉचमनने टपरीवरून थर्मासभर चहा आणला, कागदी कपांत ओतला, आणि साहेबांनी आपला कप हातात घेऊन खिशातून ती सुई काढली. नंतरचा वृत्तांत माझ्या शब्दांत देत नाही. इतिवृत्तात आहे तसा उतरवतो:

‘बी विंगच्या एका सभासदांनी चहाच्या तापमानाविषयी हरकत नोंदवली. त्यावर पंचेचाळीस मिनिटे चर्चा झाली. पुढील सभेपासून ग्रीन टीचा पर्याय ठेवावा, असे बहुमताने ठरले. त्यासाठी लागणारे जार सोसायटीच्या खर्चातून घ्यावेत. विषय क्रमांक एक वेळेअभावी पुढील सभेत.’