लाल्याचा आनंद

दिवसभर तणनाशक विकायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन तण पोसायचं, असा माणूस विदर्भातल्या कळंबात एकच. त्यांचं कृषी केंद्र आहे. पाठीमागच्या फळीवर गाजरगवत, लव्हाळा, हराळी, कुंदा यांच्या नायनाटाची हमी देणारे डबे ओळीने उभे, आणि गल्ल्यावर बसलेले मालक मोबाइलवर पाण्यातल्या गवताचे फोटो मोठे करकरून बघतायत. गाव त्यांना टाकीवाले काकाजी म्हणतं. नवखा माणूस या नावावरून त्यांना छतावरच्या टाकीचा भाव विचारतो. काकाजी भाव सांगत नाहीत, त्याला घरी घेऊन जातात. इथून पुढे त्या माणसाचा तास-दीड तास गेला म्हणून समजावं.

टाकी म्हणजे अ‍ॅक्वेरियम. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, आणि पाणी अंदाजे 180 लिटर. ती बैठकीत आली तेव्हा टीव्ही आतल्या खोलीत गेला. मालिका बघायला काकू आत जातात, काकाजी बाहेर टाकीसमोर बसतात. संसार सुखाचा झाला तो तेव्हापासून, यावर दोघांचंही एकमत आहे. टाकीत मासेही आहेत, पण त्यांच्याबद्दल विचारायचं नाही. "काकाजी, मासे किती हायेत यात?" असं विचारणाऱ्याला दुसऱ्यांदा चहा मिळत नाही. काकाजींच्या लेखी मासा ही खताची सोय. मासा खातो, घाण करतो. त्या घाणीतल्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेट करतात. ते नायट्रेट झाडं खातात. या सगळ्या कारभारात मासा किती रंगीत आहे याला काकाजींच्या दृष्टीने काडीची किंमत नाही.

इतर शौकिनांना या छंदात सगळ्यात जास्त भुर्दंड पडतो तो खताच्या बाटल्यांचा. तळहाताएवढी बाटली, तिच्यावर हिरव्यागार जंगलाचं चित्र, आणि किंमत बघितली की घाम फुटावा. काकाजींनी अशी एक बाटली मागवली, लेबल वाचलं आणि दुकानात बसून मोठ्याने हसले. आत होतं काय, तर पोटॅशियम नायट्रेट आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट. म्हणजे ठिबकवाले शेतकरी त्यांच्याकडून रोज नेतात ते 13:0:45 आणि 0:52:34. पालाश वाढवायचं तर 0:0:50 मागच्याच फळीवर. लोहासाठी चिलेटेड फेरस, तेही दुकानातच. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द ज्याने उभा जन्म उच्चारले, त्याला बाटलीवरचं जंगल काय भुलवणार? तेव्हापासून काकाजी सोनाराच्या काट्यावर मोजावं तितकं खत चिमटीने टाकीत सोडतात. नवं पान पिवळं पडलं की लोह कमी, जुन्या पानाला टाचणीएवढी भोकं पडली की पालाश कमी, हे निदान ते लांबून करतात. कपाशीची पानं हातात घेऊन घेऊन लागलेली सवय.

त्यातून तो लाल्याचा प्रसंग घडला. टाकीत रोटाला नावाची एक नाजूक वनस्पती आहे. तिला भरपूर उजेड द्यायचा आणि नत्राचा हात जरा आखडता ठेवायचा, की तिचे शेंडे लालबुंद होतात. त्या लालीसाठी शौकीन जीव टाकतात. काकाजींची रोटाला पहिल्यांदा लाल झाली त्या संध्याकाळी जोडमोहाचे एक शेतकरी उधारीचं बोलायला घरी आले होते. त्यांनी टाकीकडे बघितलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "काकाजी, लाल्या आला जी तुमच्या टाकीत. मॅग्नेशियम मारा."

विदर्भातल्या कापूसवाल्याला लाल पान म्हणजे काय, हे सांगायला नको. नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडलं, त्यात थंडी उतरली, की हिरवं शेत डोळ्यांदेखत लाल होतं आणि बोंडं पोसत नाहीत. आणि इथे हा माणूस लाल्या आला म्हणून पेढे वाटत होता. शेतकऱ्याने पेढा घेतला, खाल्ला, उधारीचा विषय न काढता उठला. जाताना काकूंना हळूच म्हणाला, "काकाजीची तब्येत बरी हाय ना?"

तब्येतीचा संशय यायला दुसरंही एक कारण होतं. टाकीशेजारी भिंतीला सलाईनची नळी लोंबते. घरात कोणी आजारी नाही. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत, आणि बाटलीत साखर, यीस्ट आणि कोमट पाणी. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, तो नळीतून पाण्यात जातो आणि झाडांना मिळतो. सलाईनच्या थेंबाच्या कुपीत थोडं पाणी ठेवलं की बुडबुडे मोजता येतात, चाकी फिरवून कमीजास्त करता येतात. कल्पना काकाजींची नाही, देशभरचे शौकीन हेच करतात. अडचण एवढीच, की साखर आणि यीस्ट यांच्या संगतीने वायूबरोबर दुसराही पदार्थ तयार होतो आणि त्याचा वास लपत नाही. मुलीला बघायला पाहुणे आले ते वर्ध्याचे. 2024 च्या फेब्रुवारीत वर्धा–कळंब रेल्वे सुरू झाली आणि तिकडचे पाहुणे वाढले. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा, गांधीजींच्या सेवाग्रामचा. पाहुण्यांपैकी वडीलधाऱ्यांनी बाटलीचं बूच हुंगलं, नळी बघितली आणि सोफ्यावर अवघडून बसले. काकाजींनी किण्वन, प्रकाशसंश्लेषण आणि 1850 साल असं सगळं समजावलं. (1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने सोनमासे, व्हॅलिस्नेरिया आणि गोगलगायी एका भांड्यात ठेवून पाणी न बदलता ते निरोगी राहतात हे मांडलं. ही गोष्ट काकाजी लग्नाच्या बोलणीत, दहाव्याला आणि निवडणुकीच्या निकालाच्या दिवशीही सांगतात.) सोयरीक जुळली. पाहुण्यांतल्या एका तरुण मामांनी निघताना बाटलीचं प्रमाण कागदावर लिहून घेतलं. ते झाडांसाठीच असावं.

पण काकाजींचं खरं रूप दिसतं ते रविवारी सकाळी. त्या दिवशी कापणी असते. हातात लांब कात्री, लांब चिमटा, खांद्यावर पंचा. उभ्या खोडाच्या झाडाचा शेंडा पेराच्या खाली कापायचा, खालची दोन पेरं पानं काढून मोकळी करायची आणि चिमट्याने रेतीत तिरपा खुपसायचा. सरळ खुपसला तर चिमटा काढताना तोही वर येतो, ही गोष्ट काकाजी कात्री थांबवून प्रत्येकाला सांगतात. मागे राहिलेल्या थुटाला दोन फुटवे येतात. म्हणजे आज एक, महिन्याने तीन. व्हॅलिस्नेरिया तर हात लावायचीही वाट बघत नाही. रेतीसरसा दोरा सोडते आणि बोटभर अंतरावर नवं रोप उभं करते, तिथून पुन्हा दोरा. जावा फर्नचं तंत्र उलटं. तिचं खोड मातीत पुरलं की कुजतं. ती दगडाला नाहीतर लाकडाला दोऱ्याने बांधायची, मग जुन्या पानांवरच मुळांसकट पिल्लं येतात. "मातीत नाही लावायचं?" या प्रश्नावर आयुष्यभर मातीत राबणारे लोकही गप्प होतात. क्रिप्टोकोरिन मात्र मानी. जागा बदलली की सगळी पानं गाळून बसते आणि नवख्याला वाटतं मेली. पण ती बदलीच्या ठिकाणी रुजू झालेल्या कारकुनासारखी पहिला महिना रजेवर असते, मुळं शाबूत असतात, मग सावकाश कामाला लागते.

महिन्याने एकाचे तीन, हा हिशेब टाकीला झेपत नाही. तिथून गावाचं संकट सुरू होतं. काकाजींच्या घरून कोणी रिकाम्या हाताने गेलं असं होत नाही. लाइटबिल द्यायला आलेला पोरगा, वर्गणीवाले, पोस्टमन, सगळ्यांना ओल्या कागदात गुंडाळून पन्नीत घातलेली एक जुडी मिळते. "अंधारात ठेवजो नको, खिडकीजवळ ठेवजो. उन्हात नको. क्लोरीनचं पानी असन तर रातभर उघडं ठेवजो." एका संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून व्हॅलिस्नेरिया लुटली. लांब, हिरवी, चपटी पात. एका घरी ती कांद्याची पात समजून झुणक्यात गेली म्हणतात. काकूंनी चौकशी केली नाही, काकाजींनी मात्र "चव कशी होती?" असं निरोपाने विचारलं.

उन्हाळ्याची कथा वेगळीच. मे महिन्यात पारा 45 कडे गेला की टाकीचं पाणी तापतं, आणि या झाडांना मानवतात 22 ते 28 अंश. घरात कूलर एक. तो टाकीकडे तोंड करून असायचा. पाण्यावरून वारा गेला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, असं काकाजी घामाने निथळत सांगायचे. थोरले जावई नागपूरचे, त्यांना उन्हाची सवय आहे असं गृहीत धरलं गेलं होतं. थोरल्या लेकीने एकदा स्पष्ट विचारलं, "बाबा, माणसं का माणसं नोहेत?" त्यावर काकाजींनी टेबलफॅन आणला. टाकीसाठी. कूलर माणसांकडे वळला.

कळंबला चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. बारा वर्षांनी कुंडाचं पाणी वाढून गणपतीच्या पायाला लागतं अशी श्रद्धा आहे. काकाजींकडे दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलतात आणि ते सोफ्याच्या पायाला लागतं. काकू त्याला काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही, पण तेच पाणी बादलीने तुळशीला आणि गुलाबाला घालतात, आणि त्यांचा गुलाब सबंध गल्लीत उठून दिसतो हेही खरं. त्यातल्या नायट्रेटचं श्रेय मासे, काकाजी आणि काकू तिघंही घेतात. मासे बोलत नाहीत इतकंच.

काकाजींचे गुरू जपानचे ताकाशी अमानो. टाकीत झाडं, दगड आणि लाकूड मांडून निसर्गदृश्य उभं करायची तऱ्हा त्यांनी जगाला लावली, लिस्बनच्या मत्स्यालयात चाळीस मीटर लांबीचं पाण्यातलं जंगल लावलं, आणि ते 2015 साली गेले. अमानोंचा फोटो काकाजींच्या दुकानात आहे, कंपनीच्या बोंडअळीच्या कॅलेंडरशेजारी. शेतकरी येताजाता त्याला कोणी कृषी शास्त्रज्ञ समजून नमस्कार करतात आणि काकाजी कोणाचा गैरसमज दूर करत नाहीत.

एका गोष्टीत मात्र हा मोकळ्या हाताचा माणूस कमालीचा कडक आहे. छाटलेली एक काडी चक्रावती नदीत किंवा नाल्यात टाकलेली त्यांना चालत नाही. त्याचं कारण ते हायड्रिलावरून सांगतात. शाळेत काचनळीखाली जिचे बुडबुडे मोजले ती हायड्रिला आपल्याकडच्या तळ्यांत निवांत असते. पण 1950 च्या दशकात अ‍ॅक्वेरियमच्या धंद्यातून ती अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाण्यात सुटली आणि तिने तिथली तळी, कालवे कोंडून टाकले. आपल्या नद्यांत माजलेली जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणूनच आलेली. "मी दुकानात तण मारतो, गावात सोडत नाही," असं ते म्हणतात, आणि उरलेल्या काड्या गच्चीवर पत्र्यावर उन्हात कडकडीत वाळवून मगच खताच्या खड्ड्यात टाकतात.

तेव्हा चिंतामणीच्या दर्शनाला कळंबला आलात आणि कोणी पंचा खांद्यावर टाकलेल्या गृहस्थांनी तुम्हाला पन्नी धरून हाक मारली, तर नाही म्हणू नका. म्हटलंत तरी उपयोग होत नाही. मासे किती ते विचारू नका. घरी टाकी नसेल तर ती जुडी वाळवून कुंडीत घाला, नदीत सोडू नका. आणि झुणक्यातही घालू नका; काकाजी चव विचारतात.