आधी आग

आमची आजी रत्नागिरीकडची. मुंबईहून गावी जायचं म्हणजे तिच्या लेखी वाहन एकच, आगबोट. भाऊच्या धक्क्यावर चढायचं आणि आपलं बंदर आलं की बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची. मग ट्रंक, पोरं आणि लिंबाची फोड सांभाळत हेलकावणाऱ्या पडावात उतरायचं. इंग्रज तिला स्टीमर म्हणत, म्हणजे वाफेवर चालणारी. आपल्या लोकांनी वाफेकडे लक्षच दिलं नाही. त्यांना दिसली ती आग. हे नाव ज्या कोणी पहिल्यांदा उच्चारलं, त्याला माझ्यापेक्षा जास्त इंजिनियरिंग कळत होतं, हे मला साठी उलटल्यावर समजलं.

झालं असं, की निवृत्तीनंतर माणसं योगासनं करतात, तसं मी तीन फुटांची आगबोट करायला घेतली. खेळण्यातली नव्हे. म्हणजे खेळण्यातलीच, पण खऱ्या वाफेची. जत्रेत मिळायची ती पत्र्याची फटफट करणारी बोट आठवते? पोटात मिणमिणती वात, मागे पाण्यात दोन नळ्या. आतल्या थेंबभर पाण्याची वाफ झाली की ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते, मग थंड होऊन आक्रसते आणि तेवढंच पाणी परत आत ओढते. गंमत अशी, की पाणी बाहेर जाताना सरळ मागे जातं आणि आत येताना चहूबाजूंनी येतं, म्हणून बोट पुढेच सरकते. तोमा पियो नावाच्या गृहस्थांनी याचं पेटंट इंग्लंडमध्ये 1891 साली घेतलं होतं. त्या बोटीत निवडण्यासारखं काही नसतं, आणि तिचं सुखही त्यातच आहे.

माझं तसं नव्हतं. मी इंजिनाच्या फोटोच्या प्रेमात पडलो. स्टुअर्ट या इंग्लिश घराण्याचं ‘डबल टेन’. पाऊण इंच व्यासाची दोन सिलिंडरं, पाऊण इंचाचा स्ट्रोक, उलट फिरवायची खटक्याची सोय, आणि सगळं असं झळझळीत की बोटीत लपवायला जीव होऊ नये. बिडाचे ओबडधोबड सुटे भाग घेऊन आपणच लेथवर घासायचे, अशीही सोय आहे. ते रसिकांना आवडतं. मी बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य काढलेलं, त्यामुळे रसिकतेच्या आधी कागद-पेन्सिल घेतली.

दोन्ही सिलिंडरांत वाफ दोन्ही बाजूंनी शिरते. म्हणजे एका फेऱ्याला साधारण 21 घन सेंटिमीटर वाफ. मिनिटाला 500 फेरे धरले तर जवळजवळ 11 लिटर. दोन बारच्या दाबाला एवढी वाफ करायची तर मिनिटाला 18 ग्रॅम पाणी लागतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर आठ मिनिटांत कपभर चहा नुसता उकळायचा नाही, पार आटवून भांडं कोरडं करायचं. आणि हे तीन फुटांच्या लाकडी बोटीच्या पोटात.

“अहो, मग मोठं भांडं घ्या ना,” सौ. म्हणाली. मोठं भांडं म्हणजे मोठा बॉयलर, त्याखाली मोठा बर्नर, त्यासाठी मोठी गॅसची टाकी, आणि हे सगळं वाहायला मोठी बोट. मोठ्या बोटीला मोठं इंजिन. या रस्त्याने माणूस खऱ्या बोटीपाशीच जाऊन थांबतो. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही 411 टनांची आगबोट 1830 च्या मार्चमध्ये मुंबईहून सुएझला निघाली, तेव्हा एडनपर्यंतचा कोळसा तिच्या कोठीत मावेना. मग तो डेकवर रचला, केबिनींत भरला, आणि बोट इतकी जड झाली की नीट चालेना. त्याच गोदीतल्या वाडियांच्या घरातले अर्देशिर कर्सेटजी यांनी आधी घरच्या घरी एक अश्वशक्तीचं छोटं इंजिन केलं, आणि पुढे 1833 मध्ये ‘इंडस’ नावाची 60 टनांची बोट पाण्यात सोडली व तिच्यावर इंजिन चढवलं. लहानापासून सुरुवात करण्यात शहाणपण आहे, असा सोयीस्कर अर्थ मी त्यातून काढला.

शेवटी घेतलं ते डुलणाऱ्या सिलिंडरांचं इंजिन. यात झडप नाहीच. सिलिंडरच पाळण्यासारखं झुलतं आणि झुलताना त्याचं भोक एकदा वाफेच्या भोकासमोर येतं, एकदा बाहेर जायच्या. 10 मिलिमीटर व्यास, दोन सिलिंडरं, वाफ एकाच बाजूने. थोडं गळतं, आणि चाकाला बोटाने टिचकी मारल्याशिवाय सुरू होत नाही, पण कागदावर तरी तेच एक कप पाणी त्याला तासभर पुरतं. दिसायला शिवणयंत्राच्या धाकट्या भावासारखं. फोटो काढून कोणाला पाठवावा असं नाही.

बॉयलर तांब्याचा, चांदीच्या डागाचा. साध्या कथलाचा डाग चालत नाही, कारण पाणी संपून बॉयलर कोरडा तापला की कथील वितळतं. वापरायच्या दाबाच्या दुप्पट दाबाला त्याची चाचणी घ्यायची, पण वाफेने नाही, गार पाण्याने. पाणी दबत नाही, त्यामुळे डाग सुटलाच तर चार थेंब गळून प्रकरण मिटतं. वाफ तसं मिटवत नाही. हे सगळं मी घरी समजावून सांगत असताना पलीकडे कुकरने तिसरी शिट्टी दिली. आमच्या घरात 35 वर्षं रोज एक बारचा, 120 अंशांचा बॉयलर विनाअपघात चालवला जात होता आणि चालकाला मी कधी साधं प्रशस्तिपत्रकही दिलं नव्हतं.

बोटीत वजन कुठे ठेवायचं ते साबुदाण्याने ठरवलं. बॉयलर, इंजिन, गॅसची टाकी, प्रत्येकाच्या वजनाइतक्या पुड्या करून रिकामी बोट बाथरूमच्या टबात सोडली आणि पुड्या इकडून तिकडे सरकवत बसलो. बॉयलर मधोमध आणि शक्य तितका खाली, कारण पाणी आटेल तशी बोट हलकी होणार. ती नाकावर किंवा शेपटीवर जाता कामा नये. पंखा मोठा आणि जास्त पिळाचा, कारण वाफेचं इंजिन बॅटरीच्या मोटरसारखं भिंगरत नाही, रेटतं. इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणायला मात्र तीन रविवार गेले. दांडा केसभर तिरपा असला की खरखर करून निम्मी ताकद तोच खातो.

सगळ्यात जीव जडला तो तेलाच्या कुपीवर. अंगठ्याएवढी पितळी डबी, आत दाट तेल, बाजूने वाफेची नळी. वाफ थोडीशी आत शिरते, गार होऊन तिचं पाणी होतं, पाणी जड म्हणून तळाशी जातं आणि तेवढंच तेल वर उचलून वाफेच्या वाटेवर थेंबथेंब सोडतं. हलणारा भाग एकही नाही. देवघरात काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि त्यावर तरंगती वात लावतात, तोच हिशेब. कुपीच्या तळाचा स्क्रू सोडून गढूळ पाणी काढताना मला दर वेळी हात जोडावेसे वाटतात. सौ.ने एकदा पाहिलं, काही बोलली नाही.

घरात स्टँडवर बोट तासन्‌तास चालली. मग तिला रूप दिलं. पांढरी केबिन, काळं धुराडं, आणि जुन्या आगबोटींच्या डेकवर असायच्या तशा वाकड्या मानेच्या, तुतारीच्या तोंडाच्या नळ्या. चार नळ्या मी सागाच्या तुकड्यांतून कोरल्या, आतून लाल रंगवल्या आणि केबिनच्या छपरावर घट्ट चिकटवल्या.

रविवारी सकाळी ठाण्यातल्या एका तळ्यावर तिला सोडली. पाच मिनिटं ती राणीसारखी गेली. धुराड्यातून वाफेची पांढरी फुंकर, मागे बारीक रेघ. मग मंदावली. मग तळ्याच्या मधोमध थांबली.

“काका, बॅटरी संपली का?” शेजारी उभ्या पोराने विचारलं.

पायडल बोटवाल्याने अर्ध्या तासाचे पैसे घेऊन ती ओढून आणली. टाकीत गॅस होता, बॉयलरमध्ये पाणी होतं, तेलाची कुपी भरलेली होती. छप्पर उचललं, काडी लावली, बर्नर भडकला. छप्पर ठेवलं, विझला. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. दोनदा झाल्यावर मी छपरावरच्या त्या चार लाल तोंडांकडे नीट पाहिलं. खऱ्या आगबोटीवर ती तोंडं खालच्या भट्टीला वारा पाजायला असत. माझी चारही भरीव होती.

घरी आल्यावर सौ.ने न सांगता ड्रिलचा डबा काढून टेबलावर ठेवला.