काकूंचा वेडेपणा

आमच्या जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये एक काकू वेड्या म्हणून प्रसिद्ध होत्या. नवरा धडधाकट, स्वतःची तब्येत ठणठणीत, आणि ऐन सत्तरीत त्यांनी स्वतःच्या नावावरच्या घराचं मृत्युपत्र केलं. वर दोन्ही मुलांना आणि मुलीला समोर बसवून ते वाचून दाखवलं. असलं अभद्र कुणी जिवंतपणी बोलतं का, असं सगळी गल्ली म्हणाली. त्या वेडेपणाची मला आज स्तुती करायची आहे.

शहाण्यांची रीत निराळी. इथले बरेच जुने बंगले नझूलच्या जमिनीवर उभे आहेत. भिंती आपल्या, जमीन सरकारची, हातात पट्टा. त्याला मुदत असते, भूभाटक भरायचं असतं, नूतनीकरण करून घ्यायचं असतं. शहाणा माणूस पट्टा कपाटात ठेवतो आणि किल्ली कुठे आहे ते कुणाला सांगत नाही. आजोबांचं नाव नातवाच्या लग्नापर्यंत तसंच राहतं. मग नोटीस येते तीही आजोबांच्याच नावाने. नामांतरण झालं की मालकी आली, अशीही एक समजूत आहे. महसुलाच्या दप्तरातल्या नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलं आहे.

बहिणीचं सांगताना मला राग आवरत नाही. 'लग्नात दिलंच की' म्हणत साध्या कागदावर तिची सही घेतली जाते. घरातला हक्क सोडायचा तर नोंदणी केलेला दस्तच लागतो. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी, मुलगा, आई आणि पत्नी यांचा वाटा सारखा. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५पासून मुलगी जन्मानेच वाटेकरी आहे. काकूंनी मुलीचा हिस्सा मृत्युपत्रात पहिल्याच ओळीत लिहिला. त्याला मुद्रांक लागला नाही. दोन साक्षीदार लागले, ते शेजारचेच होते. नोंदणी सक्तीची नव्हती, तरी रिक्षा करून जाऊन त्यांनी ती केली.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे आलेलं प्रत्येक पाकीट उघडायचं. धाकट्याने दुकानासाठी त्यांच्या संमतीने घर तारण ठेवलं होतं, हप्ते थकले, बँकेची नोटीस आली. अशा नोटिशीत साठ दिवसांची मुदत असते. ती उलटल्यावर बँक ताबा घेऊ शकते, आणि त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला पंचेचाळीस दिवस मिळतात. पाकीट देवघरामागे खोचून ठेवलं तरी दिवस मोजले जातातच. काकू आठव्या दिवशी पासबुक घेऊन बँकेत जाऊन बसल्या. हप्ते बांधून मिळाले.

त्यांची मुलगी आता फ्लॅटमध्ये राहते. ती सोसायटीच्या सभेला जाते, इतिवृत्त वाचून मगच सही करते. 'आईवर गेलीस' असं शेजारी म्हणतात.

काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. याच रस्त्यांवर मी सख्खी भावंडं पाहिली आहेत, पेशीच्या तारखेलाच भेटणारी, एकमेकांकडे न बघणारी. काकूंची तिन्ही मुलं दिवाळीला त्या घरी जमतात.

आज जेवायला बसाल तेव्हा घरात एवढंच विचारा: घर कुणाच्या नावावर आहे, आणि कपाटाची किल्ली कुठे आहे?