पाव फेरा

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. गिरगावातल्या छापखान्यांतून प्रुफं तपासायची, कानावर पेन्सिल, आणि छापून गेल्यावर काही सापडलंच तर शेवटच्या पानावर शुद्धिपत्र. त्यामुळे जगात न सुधारता येणारी चूक नसते, अशी माझी भाबडी समजूत होती. ती आमच्या मोरीतल्या एका एल्बोने मोडून काढली.

खेतवाडीतल्या आमच्या खोलीत मोरीचं आता ‘बाथरूम’ झालंय. म्हणजे कठड्याला टाइल्स आणि आडोशाला अर्धं दार. भिंतीला धरून प्लॅस्टिकचा पाईप सरळ खाली येतो, त्याच्या टोकाला एल्बो, एल्बोत नळ, नळाखाली बादली. तो एल्बो ठिबकायला लागला.

बायको म्हणाली, “अहो, प्लंबरला फोन करा.”

“त्यात काय आहे? जुना कापायचा, नवा चिकटवायचा.”

आमच्या घराण्यातले सगळे अपघात ‘त्यात काय आहे’ इथूनच सुरू झालेले आहेत.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. “अर्ध्या इंचाचा एल्बो द्या.”

“सीपी का यूपी?”

यातलं दुसरं मला फक्त राज्य म्हणून ठाऊक होतं. पण दुकानात माहीत नसल्याचं कबूल करणं मला जमत नाही. पांढरा एल्बो जरा सोवळा वाटला, तो घेतला. घरी येऊन पाईपला लावून पाहिला, तर मुंजीतल्या बटूच्या डोक्यावर काकांची टोपी! परत दुकानात.

दुकानदाराने काउंटरवर दोन तुकडे ठेवले. पांढरा यूपीव्हीसी, अर्धा इंच, बाहेरून २१.३ मिलिमीटर. पिवळसर सीपीव्हीसी, तोही अर्धा इंच, बाहेरून १५.९. खरा अर्धा इंच १२.७ मिलिमीटरचा, तो या दोघांतही कुठे नाही. एकाचं माप जुन्या लोखंडी पाईपांवरून आलेलं, दुसऱ्याचं तांब्याच्या नळ्यांवरून. प्लॅस्टिक झालं म्हणून घराणं सुटत नाही. शिवाय गीझरचं गरम पाणी पिवळसरालाच सोसतं, पांढऱ्याला नाही. हे सगळं त्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं. आपल्याला ते आधीपासूनच माहीत होतं, अशी मान मी डोलावली, आणि आत पितळी आटे असलेला पिवळसर एल्बो, टेफ्लॉन टेपचं एक रीळ नि सॉल्व्हंट सिमेंटचा डबा घेऊन आलो.

मग गॅलरीतला व्हॉल्व्ह बंद केला. तो आमचा नव्हता. चाळीत पाणी गेलं की लोक आधी कारण शोधत नाहीत, माणूस शोधतात. मी सापडलो. शेजारच्या आजींनी मला हाताला धरून आमच्या व्हॉल्व्हपाशी नेलं. तो इतका म्हातारा झालाय की पुरता मिटत नाही. झोपेतही एक डोळा किलकिला. पाईपमधून थेंब थेंब येतच राहिलं. म्हटलं, थेंबाने काय होतंय?

गणपतीच्या मखराच्या वेळचं करवतीचं पातं माळ्यावर होतं. त्याने जुना एल्बो कापला. काप तिरका गेला, पण प्रुफात एवढं चालतं.

आता सिमेंट. हा डिंक नव्हे. हे रसायन प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतं आणि पाईप नि एल्बो एकजीव करून टाकतं. डब्यावरच्या सूचना मी चष्मा लावून दोनदा वाचल्या. मधल्या एका इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं होतं, त्यावर पेन्सिलीने खूणही केली. पाईप कोरडा पुसा. दोन्हीकडे सिमेंट लावा. तळापर्यंत दाबा. पाव फेरा द्या. तीस सेकंद धरून ठेवा.

मी ओल्या फडक्याने पाईप कोरडा केला. सिमेंट लावलं. एल्बोचं तोंड बादलीच्या बरोब्बर वर येईल असं धरून तळापर्यंत दाबला. खरं म्हणजे काम इथे झालं होतं. पण सूचना म्हणजे सूचना. मी पाव फेरा दिला.

मग मोठ्याने तीस आकडे मोजले. हात काढला. एल्बो स्वयंपाकघराकडे बघत होता.

उलटा फिरवायला गेलो. हालेना. दोन्ही हातांनी धरला, एक पाय कठड्याला लावला. पाईप भिंतीपासून सुटेल, एल्बो पाईपपासून नाही, एवढंच सिद्ध झालं. शुद्धिपत्राची सोयच नाही. तरीही नळ बसवून पाहिला. धार कठड्यापलीकडे, थेट कणकेच्या डब्याशेजारी पडली. शिवाय सांध्यातून बारीक फवारा, तो वेगळा.

१८६० साली विहार तलावाचं पाणी मुंबईत आलं, १८९२मध्ये तानसाचं. आज सात तलाव शहराला पाणी पाजतात. डोंगर, खाड्या, रेल्वेचे रूळ ओलांडत ते मलबार हिलच्या जलाशयात येतं आणि तिथून आमच्या गिरगावात उतरतं. एवढ्या वाटेत कुणी त्याला माझ्या बायकोच्या पायावर सोडलं नव्हतं.

संध्याकाळी प्लंबर आला. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचा, पट्टामुंडाईजवळचा. देशभर नळाची कामं करणारे कितीतरी कारागीर त्या एका भागातून येतात. प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे तिथे. त्याने मोरीत वाकून पाहिलं.

“ये किसने किया, साब?”

मी छताकडे बघितलं. “यांनीच,” आतून बायको म्हणाली.

त्याने पाईप वर कापला, तुकड्यासाठी कपलर काढला, ठिबकणाऱ्या टोकाकडे पाहून विचारलं, “भाभी, घर में पाव है?”

दमून आलाय बिचारा, म्हणून हिने दोन लादीपाव मस्का लावून, चहासकट आणले.

“मस्का नहीं चाहिए था.”

बिनमस्क्याचा पाव आला. त्याने त्यातला मऊ गाभा काढला आणि पाईपच्या तोंडात बोटाने वर कोंबला. थेंब थांबले. पाव पाणी पिऊन फुगतो, सांधा जोडेपर्यंत पाईप कोरडा ठेवतो आणि नंतर विरघळून नळावाटे निघून जातो. नळाची जाळी तेवढी काढून ठेवायची.

मग त्याने माझ्या कानावरची पेन्सिल घेतली. सिमेंटशिवायच नवा एल्बो लावून हवा तसा वळवला आणि पाईप-एल्बोवरून एक सलग रेघ ओढली. एल्बो काढला, सिमेंट लावलं, रेघ पाव फेरा अलीकडे ठेवून दाबला, फिरवून रेघेला रेघ मिळवली. पेन्सिल परत माझ्या कानावर ठेवली. मस्कापाव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बादलीत पावाचा चुरा आला. नळ बादलीकडे बघतोय. त्याचे झाले ४०० रुपये, त्याआधी माझे ४६०. सिमेंटचा डबा अजून पाऊण भरलेला आहे. खेतवाडीच्या आसपास कुणाला हवा असेल तर खुशाल घेऊन जा. झाकण मात्र उघडत नाही. ते मी लावलंय.