पैठणी नेसवून मिळेल

आमच्या नात्यातल्या गेलेल्या बायकांना पैठणी मी नेसवतो. जिवंत बायकांना त्यांचे नवरे घेऊन देतात किंवा देत नाहीत, तो त्यांचा घरगुती प्रश्न. पण बाई एकदा फोटोपुरती उरली, की तिची वस्त्रप्रावरणं माझ्या अखत्यारीत येतात. लग्नकार्यात लोक मला ‘जेवलास का’च्या आधी ‘लॅपटॉप आणलायस ना’ विचारतात. मी ‘छे, छे’ म्हणत तो पिशवीतून काढतो.

नवशिके काय करतात, तर पैठणीचं चित्र उचलून लुगड्यावर चिकटवतात. निरी आत वळते, मोर वळत नाही. तो घडीवरून छाती काढून सरळ चालत जातो, आणि काकू वॉलपेपर गुंडाळून उभ्या असल्यासारख्या दिसतात. मी तसलं करत नाही. मी फोटोतली फक्त उजेड-सावली ठेवतो, ती जरा धूसर करतो आणि तिचा डिस्प्लेसमेंट मॅप करतो. फोटोशॉप मग प्रत्येक ठिपक्याचा करडेपणा बघतं: १२८ असेल तर नक्षी जागची हलत नाही, उजळ असेल तर एकीकडे सरकते, काळोखा असेल तर दुसरीकडे. मोर मान मुरडून घडीत शिरतो. वर ‘मल्टिप्लाय’ लावलं, की जुन्या सावल्या नव्या रेशमावर उतरतात. हे मी पाहुण्यांना सविस्तर सांगतो. ते चहा संपवून उठतात.

माझा ताठा उतरतो तो धूपछाव पैठणीपाशी. तिचा उभा धागा लाल, आडवा निळा. लांबून जांभळी, पण अंग हललं की घडीतून लाल डोकावतो. मल्टिप्लायला एवढंच कळतं, की सावली म्हणजे काळोख. घडीत दुसरा रंग लपलेला असू शकतो, हे त्याच्या गावी नाही. त्यात येवल्याचा विणकर बुट्टी अशी विणतो, की मोर उलटीकडूनही तसाच दिसावा. माझ्या पैठणीला उलटी बाजूच नाही. तसं पाहिलं तर सुलटीही नाही. तरी चित्राला कापड नेसवण्याची हौस आपल्याकडे जुनी. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या, आणि हौशी हातांनी त्या छापील साड्यांवर टिकल्या, जर, खरं कापडसुद्धा चढवलं. रविवर्मा, मग ते हात, मग मी, असा वारसा मी मनातल्या मनात लावून ठेवला आहे. अजून कोणी विचारलेलं नाही.

तर आतेभावाने आत्याचा कृष्णधवल फोटो पाठवला. “आईला पैठणी नेसव. भारीतली. पैशाचा प्रश्न नाही.” (प्रश्न नव्हताच. मी फुकट करतो.) फोटोत सुती नऊवारी, बोटभर काठ, पदर कमरेला खोचलेला. कोणीतरी कामातून ओढून आणून उभं केलेलं दिसत होतं.

“तेवढा पदर सोड की बाहेर,” तो म्हणाला. “मोर दिसायला हवेत.”

मी चिडलो. मॅप उघडलेला होता, त्यात चेहरा नव्हता. एक उतरलेला खांदा होता आणि कमरेशी करकचून ताणलेल्या चुण्या. जन्मभर ही बाई पदर खोचूनच वावरली. ती होती तोवर तिला कोणी दुकानात नेलं नाही, आणि आता भिंतीवर श्रीमंत करून पाहुण्यांपुढे उभी करायची! असं बरंच काही बोलायचं मी ठरवलं होतं.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, “जांभळी कर रे. ताईच्या लग्नाचा बस्ता बांधताना तिने एका जांभळीवरून हात फिरवला होता. मग म्हणाली, अंगाला टोचते.”

म्हणजे नेलं होतं.

मल्टिप्लाय बंद करून मी प्रत्येक चुणीत हाताने लाल भरत बसलो. पदर मात्र सोडला नाही. तो आत्याने खोचला होता, मी कोण काढणार?

फोटो बघून आतेभावाचा फोन आला. “मोर कुठे गेले?”

“खोचलेत.”

“मग निदान नथ तरी घाल.”

दागिने मी करत नाही, असं सांगणार होतो. पण नथीच्या मोत्यावर उजेड कुठून पाडावा, याबद्दल माझी काही स्वतंत्र मतं आहेत.