सहजपृच्छक

वकिली व्यवसायाच्या भोवती वावरणाऱ्या माणसांची वर्गवारी करताना पक्षकार, साक्षीदार, जामीनदार, पंच आणि न्यायालयाच्या आवारात कोणतेही काम नसताना उभे राहणारे लोक, इतके वर्ग सर्वमान्य आहेत. परंतु संख्येने या सर्वांहून मोठा असलेला एक वर्ग अभ्यासकांच्या नजरेतून निसटला आहे, कारण त्याची नोंद कोणत्याही वकालतनाम्यावर सापडत नाही. वकालतनामा म्हणजे ज्या पत्राने पक्षकार आपल्या वतीने काम चालवण्याचा अधिकार वकिलाला देतो ते पत्र, आणि प्रस्तुत वर्गातील माणूस अशा पत्रावर सही करण्याच्या अवस्थेला शक्यतो पोहोचतच नाही. या माणसाला येथे सहजपृच्छक म्हटले आहे, कारण त्याचा प्रत्येक प्रश्न ‘सहज विचारतोय हं’ या शब्दांनी सुरू होतो आणि तो ज्या गोष्टीविषयी असतो ती गोष्ट सहज या सदरात कधीच बसत नाही.

सहजपृच्छकाचा आढळ सर्वत्र असला, तरी वकिलाच्या कार्यालयात तो विरळा दिसतो. लग्नाची पंगत, सोसायटीचा जिना, न्हाव्याचे दुकान, एसटीची रांग आणि साखरपुड्यात चहा वाटला जात असतानाची अर्धी घटका ही त्याची आवडती ठिकाणे होत. स्मशानात लाकडे रचली जात असताना मृताच्या वारसांविषयी विचारणारेही निघतात, आणि त्यांना निष्ठुर म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण वकील निवांत उभा आहे आणि त्याच्या हातात फाईल नाही, असा योग त्यांना अन्यत्र मिळत नाही. प्रश्न नेहमी मित्राचा असतो. या मित्राचे गाव, घर, भावंडांची संख्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या विचारणाऱ्याशी तंतोतंत जुळतात, हे बारकाव्याने पाहणाऱ्याच्या लक्षात येते. वास्तविक पक्षकाराने व्यवसायाच्या संबंधात सांगितलेली गोष्ट वकिलाने त्याच्या संमतीवाचून उघड करू नये, असे बंधन पूर्वीच्या पुरावा अधिनियमात होते आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही ते कायम आहे. तेव्हा कायद्याने दिलेली ही गुप्तता कार्यालयात फुकट मिळत असताना ती नाकारून, वाढप्यासह बारा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात मित्राचे गुपित सांगणे, हे या वर्गाचे पहिले व्यवच्छेदक लक्षण मानावे लागते.

दुसरे लक्षण अधिक महत्त्वाचे आहे. ज्या एका गोष्टीवर उत्तर अवलंबून असते ती गोष्ट सहजपृच्छक प्रश्नात घालत नाही. उत्तर पूर्ण मिळाल्यावर, हात धुण्यासाठी उठता उठता, ‘हां, एक सांगायचं राहिलं’ असे म्हणून तो ती बाहेर काढतो. त्याला लबाड म्हणण्याची घाई करू नये. आपली बाजू न्याय्य आहे याविषयी त्याच्या मनात शंकाच नसते, आणि बाजू न्याय्य असताना तिच्या आड येणाऱ्या गोष्टी किरकोळ असणार, असा त्याचा प्रामाणिक समज असतो.

या लक्षणाचा पूर्ण विकास पाहायचा असेल, तर जमिनीच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. ‘वकीलसाहेब, सातबारा आमच्या नावावर आहे, म्हणजे जमीन आमचीच ना?’ हा महाराष्ट्रात वकिलाला विचारला जाणारा कदाचित सर्वांत जुना प्रश्न असावा. सातबारा म्हणजे गाव नमुना सात, ज्यात जमीन कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर कोणाचे हक्क व बोजे आहेत याची नोंद असते, आणि गाव नमुना बारा, ज्यात पिकांची नोंद असते, या दोहोंचा एकत्र उतारा होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अशी नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण ती मूलतः महसुलाच्या सोयीसाठी ठेवलेली नोंद असून मालकीचा वाद उद्भवल्यास निर्णय दिवाणी न्यायालयाचा असतो, असे वकील सांगतो; सहजपृच्छकाचे श्रवण मात्र ‘खरी धरली जाते’ येथे पूर्ण होते आणि ‘पण’पासून पुढचे वाक्य तो समाधानाने मान हलवीत ऐकल्यासारखे करतो. त्यानंतर राहिलेली गोष्ट येते. त्याला बहिणी आहेत. तीन. परंतु त्यांनी ‘सोडून दिलंय’. कसे सोडले, याचे उत्तर ‘तोंडी’ असे मिळते, आणि पुरावा म्हणून दर भाऊबिजेला त्या साड्या घेऊन गेल्या, हे सांगितले जाते.

येथे वकिलाला हातातली जिलबी खाली ठेवावी लागते. स्थावर मालमत्तेतील हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र लिहून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते, आणि त्या कामी साडीची पावती चालत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाप्रमाणेच जन्मतः हिस्सा दिला आहे, वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत तर मृत्युपत्र नसल्यास ती १९५६ पासूनच वारस आहे, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले आहे. इतके सगळे ऐकून सहजपृच्छक खचत नाही. बहिणींची नावे सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात आहेतच, म्हणजे त्यांना जे द्यायचे ते सरकारने आधीच दिले आहे, असा युक्तिवाद तो करतो; आणि तोही टिकत नाही असे दिसल्यावर सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून, ‘ही नोटीस आलीय मधलीची, जरा बघता का’ असे म्हणतो. नोटिशीची तारीख पाहता उत्तर देण्याची मुदत मागच्याच आठवड्यात संपलेली असते.

याच कुळातील एक पोटजात बांधाविषयी विचारते. शेजाऱ्याने दर नांगरटीला बांध कोरून आपल्या रानात दोन फूट घेतले, ही तिची तक्रार बहुतेक वेळा खरीही असते, आणि त्यावर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा हा सल्लाही सरळ आहे. मात्र मोजणी फक्त शेजाऱ्याच्याच गटाची करता येते का, हा या जातीचा पुढचा प्रश्न ऐकल्यावर पलीकडच्या बाजूच्या बांधाविषयी वेगळे विचारण्याची गरज उरत नाही.

शहरातील सहजपृच्छक भाडेकरूविषयी विचारतो, आणि त्याच्या कायदेज्ञानाचा पाया अकरा या संख्येवर उभा असतो. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत अगदीच निराधार नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने एक महिना वाचवण्याची युक्ती देशभर रूढ झाली. महाराष्ट्रापुरते मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने मुदत कितीही असली तरी भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवलाच पाहिजे असे ठरवले, नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आणि ती न पाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे जागेत कोणताही हक्क निर्माण न करता ठरावीक काळ राहण्याची दिलेली परवानगी. तिची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते, पण त्यासाठी हातात नोंदवलेला करार असावा लागतो. सहजपृच्छकाकडे तो नसतो. नोंदणी न केल्यास अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाईल, हे कळल्यावर तो प्रथमच गंभीर होतो आणि खालच्या आवाजात राहिलेली गोष्ट सांगतो, ती अशी की भाडेकरू गावी गेला असताना त्याने पाण्याची जोडणी बंद करून कुलूप बदलले आहे, आणि भाडेकरू उद्या सकाळच्या गाडीने परत येणार आहे.

पैशाच्या प्रश्नात सहजपृच्छक सर्वाधिक सहानुभूतीस पात्र वाटतो, आणि म्हणूनच तेथे त्याची घसरण सर्वाधिक वेगाने होते. साडूला अडचणीत हातउसने दिले, साडूने चेक दिला, चेक परत आला. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ प्रमाणे चेक न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी मागणी करायची, मागणी पोहोचल्यावर पंधरा दिवस वाट पाहायची आणि तरीही रक्कम न आल्यास त्यापुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार दाखल करायची, हा क्रम आहे. सहजपृच्छकाने बँकेचा कागद देवघरातल्या फडताळात ठेवून दोन दिवाळ्या जाऊ दिलेल्या असतात, कारण घरातल्या माणसाला नोटीस पाठवणे बरे दिसले नसते. तरीही रक्कम दिल्यापासून तीन वर्षे उलटली नसतील, तर दिवाणी दाव्याची वाट मोकळी असते, आणि वकील आशेने व्यवहाराचा तपशील विचारू लागतो. तेव्हा कळते, की हे हातउसने शेकडा तीन रुपये महिना या दराने दिलेले होते, आणि साडूप्रमाणेच आणखी सातआठ नातलगांवरही असाच उपकार चालू आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणे हा गुन्हा असल्याचे वकील सांगतो. त्यानंतर सहजपृच्छकाला आपण हे पैसे मुळात दिलेच नव्हते असे आठवू लागते.

पोलीस ठाण्याविषयीच्या प्रश्नांत नवे काही नाही. अदखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाखेरीज पोलीस ज्याचा तपास करू शकत नाहीत अशा गुन्ह्याची, नुसती एनसी नोंदवून परत पाठवले ही कुरकूर सार्वत्रिक आहे. दखल घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होऊन फसवणुकीचे कलम ३१८ झाले, तरी सहजपृच्छकाला प्रतिपक्षावर ४२०च लावून हवे असते, कारण ३१८ म्हटल्याने गावात कोणाची बेअब्रू होत नाही.

मृत्युपत्राविषयी तो आईवडिलांच्या वतीने विचारतो, बहुधा ते शेजारच्या खुर्चीवर बसलेले असताना. साध्या कागदावर लिहिले तरी चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, मात्र करणाऱ्याची सही किंवा अंगठा पाहणारे दोन साक्षीदार हवेत, ही उत्तरे त्याला फार सोपी वाटतात, आणि कायदा इतका सोपा असेल तर वकिलाला काही येत नसावे, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर उमटते. सोसायटीत नामनिर्देशन म्हणजे नॉमिनी म्हणून आपले नाव लागले आहे, तेव्हा सदनिका आपलीच झाली, हेही त्याने गृहीत धरलेले असते; नॉमिनी हा वारसांच्या वतीने तात्पुरता सांभाळ करणारा असतो, हे ऐकण्याची तयारी भावंडे समोर बसलेली नसतील तरच होते. अशा सहजपृच्छकाची सासुरवाडी गोव्याची निघाली, तर विषय आणखी वेगळे वळण घेतो, कारण सासऱ्यांनी सर्व काही एकाच जावयाच्या घरी द्यावे असा बेत मुंबईत आखता आला, तरी गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेने मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो आणि मृत्युपत्राने फक्त उरलेल्या अर्ध्याची वाटणी करता येते. हे कळल्यापासून असे जावई गोव्याविषयी फक्त मासळीपुरतेच बोलतात.

या वर्गात स्त्रिया कमी आढळतात, आणि ज्या आढळतात त्या वर्गाचे नियम पाळत नाहीत. नवऱ्याने दोन वर्षे खर्चाला पैसे दिले नाहीत म्हणून पोटगीविषयी विचारणारी बाई पंगतीत विचारत नाही. ती दाराशी उभी राहते, प्रश्न स्वतःचाच आहे असे सांगते, तारखा पाठ म्हणते आणि लग्नपत्रिकेपासून मुलाच्या शाळेच्या पावतीपर्यंतचे सर्व कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून देते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीच्या खोलीचा पत्ता सांगितल्यावर ती दुसऱ्या दिवशी तेथे हजर असते. अस्सल सहजपृच्छक त्या खोलीची पायरी चढत नाही. फुकट सल्ल्याविषयी त्याचा आक्षेप नसतो, पण तेथे अर्ज लिहून द्यावा लागतो, आणि अर्जात मित्राचे नाव चालत नाही.

फीचा विषय निघालाच, तर निकाल लागल्यावर जमिनीतला एखादा गुंठा देण्याची तयारी तो उदारपणे दाखवतो. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून असलेली फी किंवा दाव्याच्या मालमत्तेत वाटा वकिलाला घेता येत नाही, हे कळल्यावर तो मनापासून हळहळतो आणि मग चहाचे पैसे देतो. एकाच प्रश्नाची चार वकिलांकडून चार ठिकाणी उत्तरे मिळवून, त्यांतील मनाजोगते तेवढे ठेवून घेण्याची त्याची पद्धत पुढे त्याला वेगळ्याच प्रतिष्ठेला पोहोचवते: काही वर्षांनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, गळक्या गच्चीवरून वाद पेटला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळू लागतात, ‘काकांना विचारा, त्यांना कायद्यातलं कळतं’ असे म्हटले जाते, आणि नुकताच फ्लॅट भाड्याने द्यायला निघालेला तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा जिन्यात त्यांना गाठून सहज म्हणून काही विचारतो. काका चष्मा पुसतात, वकिलाकडे जाऊन उगाच पैसे घालवू नकोस असे बजावतात आणि अकरा महिन्यांचा करार साध्या कागदावर करायला सांगतात.